वाऱ्याचा दरवाजा

ताशबुलाक,
११ जानेवारी १९९४

खुशवक्त,

खुशाली विचारतो, पण आधी कामाचं. यंदा नवरोजच्या मैदानात मी उतरणार नाही. तुमच्या अर्चालीच्या लोकांना सांगून ठेव, म्हणजे माझ्या नावाचा पुकारा करून वाट बघत बसणार नाहीत. पोरवयापासून दर वसंतात आपण एकमेकांचा कमरबंद धरत आलो. कधी तू पाठीवर पडून आभाळ बघितलंस, कधी मी. पुरे झालं.

कारण तुझ्या कानावर आलंच असेल. शरदात केंगदाला गावच्या लग्नातल्या कुस्त्यांत मी आमच्या नियाझच्या पोराला, एर्नझरला फेकलं. फेक नियमाची होती. पंचाने चीत केल्याचं 'हलाल' पुकारलं, लोकांनी टोप्या उडवल्या, आणि पोरगा उठलाच नाही. त्याच्या पाठीला मार बसलाय. पाय अजून त्याचं ऐकत नाहीत. ताकद येईल म्हणतात डॉक्टर, पण किती आणि कधी, ते कुणी बोलत नाही. बावीस वर्षांचा पोरगा, खुशवक्त. मी भेटायला गेलो तर नियाझने दार उघडलं, मला बघितलं आणि हळूच लावून घेतलं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

परवा माझी धाकटी झोपेत गादीवरून घसरत होती. उचलायला हात पुढे केले आणि मागे घेतले. बायकोला हाक मारली. स्वतःच्या लेकीला उचलायला मला माझ्या हातांचा भरवसा वाटेना, तर मैदानात कुणाला काय धरू?

कमरबंद खुंटीला टांगलाय. तिथेच राहील.

तुर्दीकुल


अर्चाली,
२४ जानेवारी

अरे ताशबुलाकच्या म्हाताऱ्या,

मी बोलतोय आणि आनोरगुल लिहितेय. पोरांना अक्षरं गिरवायला शिकवणारी बायको घरात असताना मी कशाला पेन मोडत बसू?

एर्नझरचं ऐकलं त्या दिवशी मलाही घास गिळवला नाही. त्यात तुझी चूक नव्हती. पण हे तुला सांगून काय उपयोग? तू जन्माचा ठोंब्या. बस घरात, चुलीपाशी. लोणी खा. मी काय करतोय ते मात्र ऐकून ठेव.

आपल्या दोन गावांमधल्या डोंगरावर, अर्चाची झाडं संपतात तिथून वर, चौकटीसारखे दोन सुळके उभे आहेत ना? तू तुझ्या अंगणातून बघतोस, मी माझ्या. तिथे गवत नाही म्हणून मेंढपाळ जात नाहीत, आणि मेंढपाळ जात नाहीत म्हणून कुणीच जात नाही. मी जातो. उजाडताना पहिलं ऊन सुळक्यांच्या टोकाला लागलं की त्या दारातून वारा सुटतो. आपल्या गल्लीत धूळ उडवणारा वारा नव्हे तो! पैलवानासारखा अंगावर येतो, आधी खांद्याला, मग कमरेला. मी अंगातला झगा, चापान आवळून त्याच्यासमोर उभा राहतो आणि एकेक पकड करतो. एकच सांभाळायचं, त्याच्यावर रेलायचं नाही. रेललास की तो बाजूला सरतो आणि तू तोंडावर. आणि खरी मजा पुढेच आहे. त्याच्यावर जीव खाऊन जोर लावला तरी त्याचं काही मोडत नाही.

असा तयार होतोय मी. नवरोजला आलास तर तुला आभाळ दाखवीन. नाही आलास तर तुझं गाढव पाठव. ते निदान लाथ तरी झाडेल.

खुशवक्त पैलवान

ता. क. तुर्दीकुल-आका, हे माझं, आनोरगुलचं. पैलवान पलीकडे तोंड करून चहा पिताहेत. एर्नझरसाठी मी मनापासून दुआ करते. गुडघ्याबद्दल ते काही लिहू देत नाहीत, म्हणून मीही लिहीत नाही.


ताशबुलाक,
१६ फेब्रुवारी

खुशवक्त,

तुझं पत्र चुलीत गेलं असतं. पण बायकोने ते आधी मोठ्याने वाचलं आणि गाढवाच्या ओळीपाशी येऊन ती हसली. आमच्या घरात शरदानंतर पहिल्यांदा कुणी हसलं. मग मी म्हटलं, जाऊन तरी येऊ. वर काही नसलं तर तुझं थोबाड बंद करायला साधन होईल.

कमरबंद खुंटीवरून काढला, पण बांधला नाही. नानच्या फडक्यावर गुंडाळून नेला. आदल्या दिवशी अर्चाच्या राईपर्यंत चढलो, मेंढपाळांच्या जुन्या दगडी गोठ्यात निजलो आणि उजाडायच्या आत सुळक्यांखाली उभा राहिलो.

काहीही नव्हतं. दोन दगड, मध्ये आकाश. इतकं शांत की कानातलं रक्त वाहताना ऐकू येत होतं. मी तुला मोठमोठ्याने शिव्या घातल्या. एक चकोर फडफडत खाली गेला, बस. बर्फावर तुझं एकही पाऊल नव्हतं. म्हटलं, सापडला लबाड.

मग उजव्या सुळक्याचं टोक लाल झालं.

आधी आवाज आला. दारापलीकडून, खोल खालून, डोंगराच्या पोटात कुणी अवजड काही ओढत आणावं तसा. दारातल्या बर्फाची भुकटी जमिनीपासून वीतभर उचलली गेली आणि माझ्याकडे धावत आली. तिच्यामागून तो आला. तू लिहिलंस अगदी तसाच, आधी खांद्याला, मग कमरेला. मी रेललो. तुझं कधी ऐकलंय मी? तो बाजूला सरला आणि मी तोंडावर. नाकातून रक्त आलं. तिथे पडल्या पडल्या मी हसत होतो की रडत होतो, मला सांगता येणार नाही.

उठलो आणि कमरबंद बांधला. तेवढ्यात दाढीवाली गिधाडं आली आणि दारात थांबली. थांबली म्हणजे हवेत उभी राहिली, पंख न हलवता, माझ्या डोक्याच्या उंचीवर. हात लांबवला असता तर पिसांना लागला असता. एकाने मान वळवली. डोळ्याभोवती लाल कडं. मी मेलोय की जिवंत, एवढंच त्याने पाहून घेतलं आणि पुन्हा समोर बघू लागलं. त्याच्या लेखी मी एक दगड होतो, खुशवक्त. असं कुणी माझ्याकडे बघेल यासाठी मी किती महिने तळमळत होतो, ते मला तिथे कळलं.

मग मी सगळ्या पकडी केल्या, सगळे डाव केले. पूर्ण जोर लावला. पायात पाय घालून, पाठीवर घेऊन फेकलं त्याला. त्याचं काही मोडलं नाही.

ऊन चढलं तसा तो ओसरला. तुझी पावलं त्यानेच पुसली असणार. अशी जागा मला सापडली असती तर मी ती लपवून ठेवली असती. तू मला सांगितलीस. हे मी विसरणार नाही.

नवरोजला मात्र येणार नाही. वारा वेगळा आणि माणूस वेगळा.

तुर्दीकुल


अर्चाली,
२७ फेब्रुवारी

तुर्दीकुल,

मला खुळा समजलास काय? डोक्याच्या उंचीवर गिधाडं! मान वळवून बघतात म्हणे! पुढच्या पत्रात त्यांनी तुला चहा पाजला असंही लिहिशील. मी रोज त्या दारात असतो, आणि सांगतो तुला, तिथे गिधाडं-बिधाडं नसतात. माणसाने चेष्टा करावी, पण मित्र कळवळून लिहितोय तेव्हा त्याच्या शब्दाला शब्द जोडून त्यालाच वेडावून दाखवू नये. 'आधी खांद्याला, मग कमरेला', माझंच वाक्य मला परत पाठवतोस!

यायचं नसेल तर नको येऊस. मी दुसरा गडी बघेन.

खुशवक्त

ता. क. आका, त्यांनी तुमचं पत्र तीनदा माझ्याकडून वाचून घेतलं, मग जेवले नाहीत. मला एवढंच कळवा, तिथे खरंच वारा असतो? माझं तुमच्या पत्रावर विश्वास ठेवायचं मन आहे. – आनोरगुल


ताशबुलाक,
७ मार्च

आनोरगुल-यांगा,

उत्तर वहिनी म्हणून तुम्हालाच लिहितो. तुमचा पैलवान कशावर भडकला ते मला कळलं नाही. बहुधा आपली जागा मी बळकावली असं त्याला वाटत असेल. त्याला सांगा, दार रुंद आहे, दोघं मावतो.

वारा असतो. खरंच असतो. आता मी आठवड्यातले बरेच दिवस वर असतो. पहिल्या दिवशी मला तो शत्रू वाटला, नंतर प्रतिस्पर्धी. आता काय म्हणावं ते सुचत नाही. परवा तो इतका मोठा आला की डावा, उजवा, दोन्ही सुळके गुणगुणायला लागले. तळपायातून ते गुणगुणणं दातांपर्यंत चढलं. मी डाव करायचे सोडून दिले आणि नुसता उभा राहिलो. इतकी वर्षं मी समजत होतो की उभं राहणं म्हणजे कुस्तीच्या आधीची गोष्ट. यांगा, उभं राहणं हीच एवढी मोठी गोष्ट असेल असं मला कुणी सांगितलं नव्हतं. समोर अर्धं जग पसरलेलं, बर्फ गुलाबी होत चाललेलं, आणि त्या सगळ्याचा भार छातीवर येऊन टेकतोय, आणि आपण पडत नाही.

खाली आलो की मात्र पुन्हा तेच. नियाझच्या दाराशी लोण्याचं मडकं ठेवून येतो. दुसऱ्या दिवशी ते तसंच माझ्या फाटकाशी परत आलेलं असतं.

तुर्दीकुल


अर्चाली,
१५ मार्च

तुर्दीकुल,

हे माझ्या हातचं आहे. अक्षर लागलं नाही तर बायकोकडून लावून घे. आनोरगुलला मी आज लिहू दिलं नाही.

मी वर जाऊन आलो. पहिल्यांदाच.

पुन्हा वाच. पहिल्यांदाच. मी त्या दारात जन्मात कधी गेलो नव्हतो. गाढवावरून पडून माझा गुडघा डिसेंबरातच गेला. तेव्हापासून मी भिंतीला टेकून बसलोय, गुडघ्याला दुंब्या मेंढ्याची चरबी बांधून. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खिडकीतून त्या सुळक्यांकडेच बघत होतो. तू चुलीपाशी कुजू नयेस म्हणून जे सुचलं ते बोलत गेलो. दार, ऊन, खांदा, कमर, सगळं तोंडाला येईल ते. मग तुझं उत्तर आलं आणि मला वाटलं, याने ओळखलं आणि आता खेळवतोय.

तुझं यांगाला लिहिलेलं पत्र वाचून आनोरगुल म्हणाली, "हा माणूस थट्टा करत नाहीये. तुम्ही जाऊन बघा, नाहीतर मी जाते." आणि खरंच बूट घालायला लागली. मग काय करता! अर्चापर्यंत गाढवावर, पुढे काठीवर, थोडं ढुंगणावर घसरत.

मी पोचलो तेव्हा उजाडलं होतं आणि तू दारात होतास. पाठमोरा. मी तुला हाक मारणार होतो, पण तोंड उघडलं तर वारा घशात शिरला. तुझं चापान मागे ताठ झालं होतं, पाय दगडात रोवल्यासारखे, आणि तुझ्या दोन्ही बाजूंना ती गिधाडं, हवेत उभी. तू हळूहळू पकड घेत होतास, जणू समोर खरंच कुणीतरी आहे. आणि तुर्दीकुल, मला वाटलं की आहे. मी इतकी वर्षं तुझ्याशी कुस्ती खेळलो, पण तुला खेळताना कधी पाहिलंच नव्हतं. जवळून फक्त तुझी हनुवटी दिसते.

टोपी काढून मी दगडाआड बसून राहिलो. तू उतरून गेलास, वारा पडला, तरी उठवेना. जे आपण थापेत रचलं ते समोर उभं असलेलं पाहिलं की माणसाला भीती वाटते. कुणी बोललं माझ्या तोंडून?

मी खोटं बोललो होतो. माफ कर किंवा नको करूस. पण नवरोजला ये. गुडघा आहे तसा आहे, मी उतरणार आहे. दुसऱ्या कुणाशी नाही.

खुशवक्त


ताशबुलाक,
१८ मार्च

खुशवक्त,

आता तू खोटं बोलतोयस. जो तिथे उभा राहिला नाही त्याला 'रेलू नकोस' हे कळणारच नाही. तू गेला होतास. लहानपणी गेला असशील, स्वप्नात गेला असशील, ते तू बघ.

मी येतोय. गुडघा गरम ठेव.

तुर्दीकुल


अर्चाली,
४ एप्रिल

तुर्दीकुल-आका,

पैलवान अंथरुणात आहेत आणि झऱ्यासारखे बडबडताहेत. गुडघा पुरता निकामी झाला. डॉक्टर म्हणाले, डोंगर विसरा. त्यांनी डॉक्टरांना तुमच्या कुस्तीची गोष्ट सांगितली, दोनदा.

नवरोजच्या कुस्तीनंतर तुम्ही लगेच निघून गेलात, म्हणून तुम्हाला दिसलं नाही ते लिहिते. तुम्ही त्यांना पाठीवर उचललंत तेव्हा मला त्यांचे पाय हवेत दिसले आणि तुमचं तोंड दिसलं. तुमचे डोळे मिटलेले होते. साऱ्या मैदानाने श्वास रोखला. केंगदालाचं प्रत्येकाला माहीत होतं. मग धप्प आवाज झाला, 'हलाल' पुकारलं गेलं, आणि कुणीही टोपी उडवली नाही. सगळे बघत होते ते उठतात का. मीही. आणि आमचे हे, पाठीवर पडलेले, आभाळाकडे बघून ओरडले, "अरे डोळे उघड, ठोंब्या! मी जिवंत आहे!" तेव्हा कुठे टोप्या उडाल्या.

तुम्ही गेल्यावर गर्दीतून नियाझ आले. मी घाबरले. ते यांच्याजवळ उकिडवे बसले आणि विचारलं, "लागलं का?" हे म्हणाले, "गुडघा जुना आहे. पाठ बघ, ठणठणीत. नियमाने फेकतो तो, नेहमीच." नियाझनी विचारलं, "डोळे का मिटले होते त्याने?" तेव्हा यांनी सगळं सांगितलं, वाऱ्याच्या दारासकट. नियाझ उठून गेले.

त्यांनी ते चांगल्या मनाने ऐकलं की वाईट, मला कळलं नाही. तुमच्या कानावर असावं म्हणून लिहिलं.

आनोरगुल


ताशबुलाक,
१९ मे

आनोरगुल-यांगा आणि खुशवक्त,

हे पत्र दोघांना. यांगा, त्याला मोठ्याने वाचून दाखवा, आणि मध्ये बोलू देऊ नका.

गेल्या आठवड्यात मी फाटक उघडलं तर बाहेर नियाझ उभा. मागे गाढव, गाढवावर एर्नझर, पाय दोरीने खोगिराला बांधलेले. पोरगा निम्मा झालाय. नियाझ माझ्याकडे न बघता म्हणाला, "याला वर जायचंय. वाऱ्याचं ऐकल्यापासून झोपू देत नाही मला. वाट तुला माहीत आहे." तेवढंच.

बर्फ उतरलंय, उतारावर जंगली ट्यूलिप फुललेत, गाढव ते खात खात चाललं होतं. गोठ्यात निजलो. पहाटे शेवटच्या चढाला गाढव अडलं, तेव्हा पोराला पाठीवर घ्यावं लागणार होतं. नियाझ दम्याने धापा टाकत होता. मी एर्नझरसमोर पाठ करून बसलो. त्याचे हात माझ्या गळ्यात आले आणि मला त्याच्या मांड्या धरता येईनात. मागून नियाझचा आवाज आला, "घट्ट धर." शरदानंतर तो पहिल्यांदा माझ्याशी असं बोलला. मी घट्ट धरलं.

दारात पोचून आम्ही त्याला उभं केलं, एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने बाप, दोघांची मूठ त्याच्या कमरबंदात. पाय नुसते लोंबत होते. त्याचं सगळं वजन आमच्या मनगटांवर. टोक लाल झालं, तो आवाज सुरू झाला, आणि नियाझ पुटपुटला, "या अल्ला." गिधाडं आली.

वारा त्याच्या छातीला भिडला. चापान फुगलं. आणि यांगा, माझ्या मुठीतलं ओझं हलकं व्हायला लागलं. आधी थोडं, मग आणखी. मी पायांकडे बघितलं. टाचा टेकल्या होत्या. गुडघे लटपटत होते, पण आपले आपण.

एर्नझर म्हणाला, "सोडा."

मी म्हटलं, "तो न सांगता बाजूला होतो. तोंडावर पडशील."

"पडेन. मला पडता येतं, आका. तुम्हीच बघितलंय."

नियाझने माझ्याकडे पाहिलं. किती महिन्यांनी, सरळ डोळ्यात. आम्ही दोघांनी मुठी उघडल्या.

तो उभा होता. पूर्ण रेलून, हात पसरून, डोळे टक्क उघडे ठेवून, सगळ्या डोंगरांसमोर. किती वेळ ते मला विचारू नका. त्याच्या डाव्या हाताशी गिधाड होतं आणि उजव्या हाताशी दुसरं, आणि मध्ये हा, त्यांच्यातलाच एक असल्यासारखा.

मग वारा सरला आणि तो पडला. दगडावर, तोंडावर, आवाज झाला. उठला नाही. हलला नाही. माझ्यासमोर केंगदाला पुन्हा उभं राहिलं, मला पाऊल उचलता येईना. नियाझ तर जागीच खिळला होता.

तेवढ्यात पोराने कोपरावर जोर देऊन स्वतःला पालथ्याचं उताणं केलं. ओठ फुटला होता. त्याने रक्त थुंकलं आणि आम्हा दोघांवर खेकसला, "बघत काय बसलाय? अजून ऊन चढलेलं नाही. उभं करा मला!"

आणि आम्ही दोघं एकदमच वाकलो.

तुर्दीकुल